दारू सुटली, पण संध्याकाळचं काय?

प्रश्न असा आला आहे. वय ३८, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावरचा कामगार), घर सिडकोत. बारा-तेरा वर्षं रोजचं पिणं, शेवटी शेवटी सकाळी उठल्यावरही. एका केंद्रात महिनाभर उपचार घेतले, त्याला आता सात महिने झाले. तेव्हापासून थेंब नाही. "पण सर, दारू गेली आणि तिच्याबरोबर सगळंच गेलं. मित्र गेले, झोप गेली, कशात मन लागत नाही. साडेतीनला फर्स्ट शिफ्ट सुटते आणि तिथून झोपेपर्यंतचा वेळ खायला उठतो. बायको अजून दारात तोंडाचा वास घेते. हेच जगायचं होतं तर सोडून मिळवलं काय? पुढच्या महिन्यात मेहुण्याचं लग्न आहे, हळदीला जाऊ का?" खाली त्यांच्या पत्नीने दोन ओळी जोडल्या आहेत: "यांना न कळता जेवणातून द्यायचं औषध मिळतं असं ऐकलं. घरात आणून ठेवू का?"

ताईंचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात जिवाचा धोका आहे. ताई, ते औषध आणू नका. आणलं असेल तर वापरू नका. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातीतल्या पुडीवर आत काय आहे हे पुष्कळदा धड लिहिलेलंही नसतं. डॉक्टर ज्या गोळीचा वापर करतात तिचं नाव डायसल्फिराम. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं विघटन करतं. ही गोळी दुसरी पायरी अडवून धरते. अशा वेळी वरून दारू पडली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, क्वचित माणूस दगावतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. आपण ही गोळी घेतोय हे ज्याला ठाऊकच नाही, तो सावध कसा राहणार? म्हणून रुग्णाला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, यकृत आणि हृदय तपासून, शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्यावरच ती सुरू करतात. तुमच्या यजमानांनी आपण होऊन ती घ्यायचं ठरवलं आणि रोज सकाळी चहाच्या वेळी तुमच्यासमोर घेतली, तर तिचा फार चांगला उपयोग होतो. दिवसभराचा एक प्रश्न सकाळीच सुटतो, आणि तुम्हालाही संध्याकाळी दारात उभं राहावं लागत नाही. तलफ कमी करणारी नालट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधंही आहेत. यातलं काय चालेल ते तपासणीनंतर मनोविकारतज्ज्ञ ठरवतील.

इथेच आणखी एक. भूक लागत नाही म्हणून घरात द्राक्षासव किंवा एखादं अरिष्ट आणलं असेल तर ते बाजूला ठेवा. आसवं आणि अरिष्टं आंबवून तयार होतात, त्यांत अल्कोहोल असतंच. खोकल्याची काही औषधं आणि काही माउथवॉश यांचंही तेच. डायसल्फिराम चालू असताना यांचा त्रास होऊ शकतो, आणि नसतानाही ती चव जिभेला जुनी वाट दाखवते.

आता तुमच्याकडे वळतो. सात महिन्यांनी कशातच मन लागत नाही, ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की तुमची ओळ वाचताना त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आले. हा तुमच्या निर्धारातला कच्चेपणा नाही. सुखाची जाणीव करून देणारी जी व्यवस्था मेंदूत असते, तिला दारूने वर्षानुवर्षं फार मोठा आवाज ऐकवला आहे. लाउडस्पीकरशेजारी रात्र काढून घरी आलेल्या माणसाला कुणी हळू बोललेलं ऐकू येत नाही, तसंच हे. मुलाचं बोलणं, चांगली मिसळ, पगाराचा दिवस, सगळं मिळमिळीत लागतं. दारूला सरावलेल्या मेंदूत डोपामिन ग्रहण करणाऱ्या जागा कमी झालेल्या असतात. त्या हळूहळू भरून येतात, पण त्याला महिने लागतात. झोपेचंही तसंच. गाढ झोप परतायला काहींना वर्षभर लागतं. म्हणून सातव्या महिन्यात 'हेच आयुष्य का' असा निकाल देऊन टाकू नका. ज्या मेंदूने हा निकाल द्यायचा, तोच अजून बरा होतोय.

मात्र सगळंच 'मेंदू बरा होतोय' या खात्यावर टाकणंही बरोबर नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, भूक-झोप बिघडली असेल, आपण घराला ओझं झालोय किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि ते लगेच घ्यायला हवेत. रात्री-अपरात्री असे विचार आले तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. व्यसनासंबंधी सल्ल्यासाठी १४४४६. दोन्ही सरकारी आणि मोफत. याशिवाय एकदा हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर आणि यकृताची तपासणी करून घ्या. बारा वर्षं दारूवर काढलेल्या शरीरात काही ना काही कमी असतंच, आणि नुसत्या बी-१२च्या कमतरतेनेही माणूस थकलेला आणि उदास राहतो. लैंगिक संबंधांत अडचण येत असेल, तुम्ही ते लिहिलेलं नाही पण बहुतेक जण लिहीत नाहीत, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. दारूमुळे ती येते, आणि सुटल्यावर बऱ्याच जणांची पुष्कळ सुधारते.

माझं मुख्य म्हणणं आता सांगतो. दारू सोडणं हे एक काम आहे आणि दारूविना दिवस भरणं हे दुसरं. केंद्रात पहिलं काम होतं. दुसरं तिथे होऊच शकत नाही, कारण तिथे सकाळी उठवणारा, जेवायला बोलावणारा, गटात बसवणारा कुणीतरी असतो. घरी आल्यावर दिवसाची दोरी तुमच्या हातात येते आणि दुपारी साडेतीनला ती संपते. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा प्यायलेल्या लोकांना मी कारण विचारतो तेव्हा "फार तलफ आली होती" असं सांगणारे थोडे असतात. "काही कारणच नव्हतं डॉक्टर, नुसता बसलो होतो" असं सांगणारे जास्त.

दुसऱ्या टोकाला, केंद्रातून बाहेर पडल्यावर आयुष्याचं मोठं ध्येय शोधायला निघालेले लोकही पाहतो. पहिल्याच महिन्यात व्यसनमुक्तीवर व्याख्यानं द्यायची, नवा धंदा काढायचा, नोकरी सोडून समाजकार्य करायचं. मी त्यांना अडवतो. पहिल्या वर्षात नोकरी, घर, लग्न यांबद्दलचे मोठे निर्णय शक्यतो पुढे ढकलावेत. या वर्षात दोनच गोष्टी बघा: संध्याकाळचे चार तास बांधलेले आहेत का, आणि आपण गेलो नाही तर ज्याचं अडेल असं एखादं माणूस किंवा काम आहे का. माझ्या अनुभवात आयुष्याला अर्थ या दुसऱ्या गोष्टीतून येतो. विचार करून तो कुणाला सापडलेला मी पाहिला नाही.

हे नुसतं माझं मत आहे असंही नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात आठवा. ही दारू सोडू पाहणाऱ्या माणसांची, त्यांनीच चालवलेली संघटना. मे १९३५. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल, काही महिनेच झाले होते दारू सोडून, अमेरिकेतल्या ॲक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला. सौदा फिसकटला, खिसा रिकामा, परकं गाव. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार गजबजलेला. त्याने बारकडे पाठ करून फोन करायला सुरुवात केली, आणि चर्चच्या माणसांकडून एका पिणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोचला. त्या डॉक्टरला सुधारण्यासाठी तो गेला नव्हता. आपण आज न पिण्यासाठी त्याला दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलायची गरज होती. डॉक्टर बॉबने शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा दिवस संघटनेचा जन्मदिवस मानतात. संघटनेने दारूमुक्तीच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांतल्या बाराव्या पायरीत हेच आहे: जे आपल्याला मिळालं ते दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत नेणं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथेही बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. ज्याची कुणाला गरज पडते तो टिकतो, हे दोन्ही ठिकाणी दिसतं.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराची गोष्ट सांगतो. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. हा गडी दोनदा उपचार घेऊन दोनदा परत प्यायलेला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, बागेवर डाउनी हा बुरशीचा रोग आला, त्या आठवड्यात हा विहिरीवरच्या खोलीत पडून होता. निम्मा प्लॉट गेला. तेव्हापासून धाकट्या भावाने फवारणी स्वतःच्या हातात घेतली आणि याच्याकडे बागेत काही कामच उरलं नाही. तिसऱ्यांदा दारू सोडून तो माझ्याकडे आला तेव्हा हीच तक्रार होती: मजूर पाच-साडेपाचला घरी जातात, मग मी काय करू? मी त्याला भावाकडे बाग परत मागू नको म्हणालो. फवारणीची वही माग. निर्यातीच्या द्राक्षाला ही वही लागतेच: कोणत्या तारखेला कोणतं औषध, किती प्रमाणात, काढणीला किती दिवस बाकी. माल बाहेर पाठवताना त्यात औषधाचा अंश उरला आहे का ते तपासतात, त्यात चूक महागात जाते. भावाला वही लिहिण्याचा कंटाळा, त्याने ती आनंदाने दिली. हा रोज साडेपाचला ओळीओळीतून फिरायचा, पानं उलटून बघायचा, कुठे तेलकट ठिपका दिसला तर ओळ आणि झाड लिहून ठेवायचा. महिन्याभरात भाऊ फवारणीच्या आधी त्याला विचारायला लागला. दुसऱ्या हंगामात शेजारच्यांनी त्यांच्या वह्या याच्याकडे दिल्या. आता ढग आले की तीन-चार घरांतून याला फोन येतात, उद्या औषध मारायचं का म्हणून. "डॉक्टर, सहा वाजले की फोन वाजतो," हे तो मला एकदा म्हणाला. पूर्वी सहाला तो बाटली उघडत असे.

तुमच्याकडे बाग नाही, पण सीएनसीवर हात बसलेला आहे. तुमच्या भागात आयटीआयची मुलं ट्रेनी म्हणून येतात, त्यांना ड्रॉइंग वाचता येत नाही, यंत्रात ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाचे आकडे, टाकताना घाबरतात. त्यातल्या दोघांना आठवड्यातून तीन दिवस, शिफ्ट सुटल्यावर तासभर, कुठेतरी बसून शिकवा. पैसे घेऊ नका. वेळ मात्र ठरलेली असू द्या, म्हणजे तुम्ही गेला नाहीत तर ती दोन पोरं वाट पाहत बसतील. शिकवणं जमत नसेल तर घरातलंच एखादं काम पूर्ण अंगावर घ्या: मुलाला क्लासला सोडणं-आणणं, आईची बीपीची गोळी आणि महिन्याची तपासणी. 'मदत करतो' असं नको. ते काम तुमचंच आहे, विसरलात तर ते राहील, असं हवं.

उरलेल्या वेळाची व्यवस्था सोपी आहे, पण ती कागदावर लिहिलेली हवी. शिफ्ट सुटली की पहिला तास सगळ्यात अवघड. कंपनीच्या गेटपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर तुमचा जुना बार असणारच. तो रस्ता वर्षभर बदला, दहा मिनिटं जास्त लागली तरी चालेल. घरी जाण्याआधी काही खाऊन घ्या. दुपारचं जेवण बाराला झालेलं असतं, साडेतीनला रिकाम्या पोटी साखर उतरते आणि शरीराला ती जुनी तलफच वाटते. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी काय आहे ते आधी तपासायचं, असं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगमध्ये सांगतात ते अगदी खरं आहे. तलफ आलीच तर बहुतेक वेळा ती वीस-तीस मिनिटांत चढते आणि ओसरते. तेवढा वेळ घराबाहेर पडून चाला, कुणाला फोन लावा, पाणी प्या, अंघोळ करा. तिच्याशी वाद घालत बसू नका. सेकंड शिफ्ट असेल तेव्हा उलटं: रात्री साडेअकराला दुकानं बंद असतात, पण सकाळ मोकळी पडते. त्या आठवड्यात सकाळची योजना वेगळी लिहा. आठवड्याच्या सुट्टीला पांडवलेणी चढून या, मुलाला घेऊन. व्यायामाने झोप सुधारते आणि चढताना बापलेकांना एकमेकांकडे न बघता बोलता येतं.

मित्र गेले असं तुम्ही लिहिलंत. त्यातले काही परत येतील, बरेचसे येणार नाहीत, आणि ते दुःख खरं आहे. पिण्याच्या टेबलावर माणूस मनातलं बोललेला असतो. त्याची जागा भरायला बोलण्याचीच जागा लागते. मीटिंगला जा. तुम्ही केंद्रातून आलात तेव्हा नाशिकमधल्या मीटिंगची माहिती दिली असेल, गेला नसाल तर आता जा. आवडली नाही तर लगेच निकाल लावू नका, निदान सहा वेळा वेगवेगळ्या गटांत बसा. तिथे पहिल्यांदा बोलावंसं वाटत नाही, चालतं. तिथल्या खुर्च्या मांडण्याचं, चहाचं काम मागून घ्या. चहा करणारा माणूस गैरहजर राहिला की सगळ्यांच्या लक्षात येतं, आणि तेच तुम्हाला हवं आहे.

आपल्याकडे माळ घालण्याचा मार्गही आहे. घराण्यात वारी असेल, त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांच्या यात्रेला जाणारी माणसं ओळखीची असतील, तर तो मार्ग मी कधीच कमी लेखत नाही. त्यात रोजचा हरिपाठ आहे, एकादशी आहे, आणि न पिणाऱ्या माणसांची संगत आहे. ज्यांचं जमलं त्यांचं या संगतीमुळे जमलं. मात्र माळ घातली म्हणून गोळ्या आणि तपासण्या थांबवू नका, आणि चुकून घसरलात तर लाजेने माळकऱ्यांचं तोंड चुकवू नका. श्रावणाबद्दलही सांगतो, कारण तो विचार सात महिन्यांनंतर हमखास डोकं वर काढतो: 'मी दर श्रावणात महिनाभर सोडायचो, म्हणजे ताबा आहे माझा, अधूनमधून घेतली तर काय बिघडतं?' गटारीला भरपूर पिऊन महिना काढणारे आणि श्रावण संपताच दुप्पट पिणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. महिनाभर थांबता येणं ही आजार नसल्याची खूण नाही. एक प्याला घेतल्यावर थांबता येतं का, हे बघायचं असतं, आणि त्याचं उत्तर तुम्हाला बारा वर्षांत मिळालेलं आहे.

नाशिकमध्ये राहताना त्याच विचाराचं आणखी एक रूप भेटतं: वाईन म्हणजे दारू नव्हे, द्राक्षाचा रस तो. आपला जिल्हा द्राक्षाचा आहे, वाईनवर अनेकांचं पोट आहे, आणि गंगापूर धरणाकडच्या वायनरींसमोर सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. पण शरीराला फळ कोणतं ते कळत नाही. हिशेब करा. तीस मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल असतं. दीडशे मिली वाईनच्या ग्लासात साडेबारा टक्क्यांच्या हिशेबाने जवळपास पंधरा ग्रॅम. आणि साडेसहाशे मिलीच्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत चाळीस ग्रॅमच्या वर, म्हणजे चार छोटे पेग. 'आज फक्त बिअर घेतली' हे वाक्य ऐकताना हा आकडा लक्षात ठेवा.

दारू सुटल्यावर तंबाखू, गुटखा किंवा मटका वाढतो, तिकडे लक्ष असू द्या. "एक सोडलं ना, दुसरं राहू द्या" असं घरचेही म्हणतात. तंबाखू सोडल्याने दारू परत लागत नाही, उलट दोन्ही सोडणाऱ्यांना बळच मिळतं. तंबाखूसाठी सरकारी मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे.

आता घर. बायको वास घेते याचा तुम्हाला अपमान वाटतो, ते समजतं. पण तिच्या बाजूने बघा. बारा वर्षं तिने लॅच उघडण्याच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखलं आहे. तुमच्या शरीरातून दारू काही दिवसांत गेली, तिच्या शरीरातली भीती सात महिन्यांत जाणार नाही. विश्वास मागू नका, त्यावरून भांडू तर मुळीच नका. माहिती द्या. उशीर होणार असेल तर उशीर होण्याआधी फोन करा. पगाराची स्लिप स्वतःहून दाखवा. आणि रोज दहा मिनिटं, चहा घेताना, तिला तिचा दिवस विचारा आणि मधे न बोलता ऐका. पहिले काही आठवडे ती जुनंच उकरून काढेल. ते निघू द्या, तेव्हा तुम्ही शुद्धीत नव्हता म्हणून ते तिच्याकडे साचून राहिलंय. ताई, तुम्हालाही कुणीतरी लागेल. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे गट १९५१ पासून आहेत, तिथे नवऱ्याला कसं सुधारायचं ते शिकवत नाहीत, आपण कसं जगायचं ते बोलतात.

पैशाचं थोडक्यात. रोजचे दोनशे रुपये धरले तरी वर्षाचे ७३ हजार होतात. एका कागदावर सगळी देणी लिहा: पतसंस्था, भिशी, किराणा दुकान, मित्रांचे हातउसने. सगळ्यात छोटं देणं आधी फेडा, आणि ते स्वतः जाऊन हातात द्या, ऑनलाइन पाठवू नका. ज्याच्याकडे तोंड दाखवायला लाज वाटत होती त्याच्या दुकानात सरळ मानेने जाता येणं, याची किंमत त्या रकमेहून जास्त आहे.

हे उत्तर वाचणाऱ्या बायकांमध्ये स्वतः पिणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्यांवर अवलंबून असणाऱ्याही असतील. त्या माझ्याकडे थायरॉइडची फाइल पुढे करून येतात आणि उठता उठता खरं बोलतात. त्यांना सोबतीला कुणी नसतं, आणि बोभाटा झाला तर मुलं हिरावली जातील ही भीती असते. तुम्ही डॉक्टरांना जे सांगता ते गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. एकट्या या, पण या. आणि झोपेच्या गोळ्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही फिट येऊ शकते.

घसरलात तर काय, हेही आजच ठरवून ठेवा. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी फार वर्षांपूर्वी दाखवून दिलं आहे की पहिल्या प्याल्यापेक्षा त्याच्यानंतरचा 'आता सगळं संपलंच' हा विचार माणसाला जास्त बुडवतो. म्हणून एका माणसाचं नाव आणि नंबर पाकिटात ठेवा. एक पेग गेला तर त्याच दिवशी त्याला फोन. सात महिने वाया जात नाहीत. पण सलग काही दिवस पिणं झालं असेल तर घरात कोंडून एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येण्याचा धोका असतो, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, गोंधळ आणि ताप सुरू होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. दर वेळी हा त्रास आधीपेक्षा वाढत जाण्याची शक्यता असते. अशा वेळी सरळ दवाखान्यात, परवडत नसेल तर सिव्हिलला. तिथे दारूचा इतिहास लपवू नका, कारण बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन ग्लुकोजच्या सलाइनआधी द्यायचं असतं. आणि कुणी तुम्हाला बांधून ठेवणाऱ्या, मारहाण करणाऱ्या केंद्रात टाकायला निघालं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे रुग्णही येतात आणि साखळीने बांधायला त्यात मनाई आहे, हे घरच्यांना सांगून ठेवा.

राहिली हळद. हळदीच्या रात्री जाऊ नका. सासुरवाडीला आजच कळवा, आयत्या वेळी कारण शोधू नका. "डॉक्टरांनी बंद केली आहे, त्या रात्री मी येत नाही, लग्नाला सकाळी पहिला येतो," एवढं पुरे. हळदीला डीजे असतो, मागच्या गल्लीत गाडीच्या डिकीत सोय असते, आणि "आज तरी घे, भावजींशिवाय मजा नाही" म्हणणारे दहा जण असतात. त्यांतला एकही वाईट नसतो, म्हणूनच नाही म्हणणं अवघड जातं. त्या रात्री मीटिंग ठेवा किंवा त्या दोन पोरांची शिकवणी. लग्नाच्या दिवशी मात्र जाच, आणि पाहुणा म्हणून जाऊ नका. मेहुण्याला आजच फोन करून वऱ्हाडाच्या गाड्यांचं काम मागून घ्या: कोणती गाडी कुठून निघणार, कोण कशात बसणार, म्हाताऱ्यांना घरी कोण सोडणार. चाव्या तुमच्या खिशात राहतील. गाडी तुम्हाला चालवायची आहे म्हटल्यावर आग्रह करणारा आपोआप थांबतो, आणि रात्री साडेदहाला आजेसासूंना घरी पोचवून येताना ताई शेजारच्या सीटवर असतील, तेव्हा दारात वास घ्यायची वेळच येणार नाही. जेवण उशिरा असतं, निघण्याआधी घरी दोन पोळ्या खाऊन घ्या.